बारा मुले आणि चार प्रश्न

इंटरनेटवरची आरोग्यविषयक माहिती पारखण्यासाठी १९९७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने चार प्रश्न सुचवले: लेखक कोण, आधार कोणता, हितसंबंध कोणाचे, मजकूर केव्हाचा?

पुढच्याच वर्षी लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा निबंध आला. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असे त्यात सूचित केले होते. नाव, संदर्भ, तारीख, सारे जागच्या जागी! लस-उत्पादकांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, हे मात्र पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ साली उजेडात आणले. निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० मध्ये.

खरे तर इतके थांबायला नको होते. पाचवा प्रश्न पुरेसा होता: किती जण पाहिले आणि कोणाशी ताडून? मुले होती अवघी बारा. तुलनेसाठी लस न घेतलेली मुले नव्हतीच. लस दिली जाते त्याच वयाच्या सुमारास स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या ध्यानात येऊ लागतात, तेव्हा एकामागून दुसरे दिसणारच. डेन्मार्कमध्ये ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००२ साली निष्कर्ष आला: लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक नाही.

तोवर अनेक पालकांनी लस टाळली होती. २०१२-१३ मध्ये वेल्समधील स्वान्झी परिसरात गोवराचे हजाराहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांत लस चुकलेली शाळकरी मुले पुष्कळ होती.