प्रोस्टेट कॅन्सर: रेडिएशन 5 वेळा, 20 वेळा की 40 वेळा? कसं ठरवायचं?

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात चर्चा सुरू होते: कोल्हापुरातच उपचार घ्यायचे की मुंबईला जायचं? कोणतं मशीन चांगलं? पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. कॅन्सर कोणत्या जोखीम गटातला आहे?

गट कसा ठरतो?

पीएसए, ग्लीसन स्कोअर आणि गाठीची व्याप्ती यांवरून. पीएसए 10 पेक्षा कमी, ग्लीसन 6 आणि गाठ लहान असेल तर जोखीम कमी. पीएसए 20 पेक्षा जास्त, ग्लीसन 8 ते 10 किंवा गाठ ग्रंथीबाहेर, यांतलं एक जरी असलं तरी जोखीम जास्त. बाकीचे मध्यम गटात.

कमी जोखीम असेल तर अनेकदा लगेच उपचार लागतच नाहीत, नियमित तपासणी पुरते. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात 1,643 पुरुषांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर फक्त लक्ष ठेवलं. 15 वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने झालेले मृत्यू 3 टक्क्यांच्या आसपासच होते.

पर्याय कोणते?

- 20 वेळा: पूर्वी 37 ते 40 वेळा रेडिएशन दिलं जायचं. आता बहुतेकांना सुमारे 4 आठवड्यांचा कोर्स पुरतो.
- 5 वेळा (एसबीआरटी): दर वेळी मोठा डोस. कमी आणि मध्यम जोखमीत 5 वर्षांनंतरचे निकाल लांब कोर्सइतकेच चांगले आले आहेत.
- ब्रॅकीथेरपी: किरणोत्सर्गी स्रोत थेट ग्रंथीत ठेवतात. ग्रंथी फार मोठी असेल किंवा लघवीचा त्रास जास्त असेल तर सहसा टाळतात.
- प्रोटॉन: खर्च जास्त, पण प्रोस्टेटसाठी नेहमीच्या आधुनिक रेडिएशनपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

जोखीम जास्त असेल तर?

रेडिएशनसोबत साधारण दीड ते तीन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं लागतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने अशा 224 रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध केला. फक्त प्रोस्टेटला रेडिएशन दिलेल्यांपैकी 81 टक्के रुग्णांमध्ये 5 वर्षांत पीएसए पुन्हा वाढला नाही. ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींनाही रेडिएशन दिल्यावर हे प्रमाण 95 टक्के झालं. एकूण आयुर्मानात मात्र तेव्हा फरक दिसला नाही.

कोल्हापूर की मुंबई?

रेडिएशनची सोय कोल्हापुरातही आहे. मुंबईत 8 आठवडे राहायचं म्हणजे खोलीभाडं, जेवण आणि सोबतच्या माणसाची बुडालेली कमाई. म्हणून 'किती वेळा' हा प्रश्न खर्चाचाही आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

डॉक्टरांना काय विचाराल?

1. माझा जोखीम गट कोणता?
2. उपचार लगेच हवेत का?
3. किती वेळा यावं लागेल? कमी वेळात होईल का?
4. हार्मोन इंजेक्शन किती महिने?
5. लघवी, शौच आणि लैंगिक क्षमतेवर काय परिणाम होईल?

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. पण उपचारांनंतरचं रोजचं जगणं त्याच्या उत्तरावरच अवलंबून असतं. तेव्हा तो आधीच विचारा.