सायकल, मोह आणि गावचा गुत्ता

इंग्लंडात सायकलवर टांग टाकून गावोगावचे पब हिंडायची हौस असते. आपल्या खानदेशात असं हिंडलं तर? मी शिरपूरहून बोराडीच्या रस्त्याने जातो. सातपुडा जवळ यायला लागतो आणि चैत्रात मोहाच्या झाडांखाली फुलांचा सडा दिसतो. आपल्या गुत्त्याची गोष्ट या फुलांपासून सुरू होते.

भिल्ल, पावरा घरीच मोहाची दारू गाळत. देवाला, लग्नाला, पाहुण्याला. मग १८७८ साली मुंबई आबकारी कायदा आला. परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा ठरलं. विक्री मक्तेदाराच्या दुकानात गेली आणि सरकारला महसूल मिळू लागला. म्हणजे बघा, फूल आपल्याच रानातलं, पण घोटासाठी रोख मोजायची. रोख नसेल तर उधारी!

१९३० च्या दशकात तळोद्याकडे, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडायला सांगितलं. 'आप की जय' म्हणत हजारो लोक त्यांच्यामागे गेले. दारू सुटली की मक्तेदार आणि सावकार, दोघांचा फास सैल होत होता.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तरी परवान्याची दुकानं आजही आहेतच. पण आता गावातल्या बायका मतदान मागू शकतात. निम्म्याहून जास्त जणींनी 'आडवी बाटली'वर शिक्का मारला की दुकान बंद. 'गावात दारू पूर्वापार आहे' असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा: दारू पूर्वापार असेल भाऊ, दुकान नाही.