खामेच्या काठी

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे चोळून झाले, की आजी घंगाळातल्या पाण्याला सात नद्यांच्या नावांनी हाक मारी आणि मगच पहिला तांब्या आमच्या अंगावर ओती. त्या सातांत गोदावरी होती. घराजवळून वाहणारी खाम मात्र नव्हती. खामेची आठवण आम्हाला होई ती दिवाळी सरल्यावर, वाळलेले हार पिशवीत भरून पुलावरून खाली टाकताना. हे काम माझ्याकडे असे, आणि ते मी मोठ्या भक्तिभावाने केले आहे.

आमच्या शहराचा इतिहास सांगणारे बहुधा दरवाजांपासून सुरुवात करतात. मला ती पाण्यापासून करावीशी वाटते. 1610 साली मलिक अंबरने खडकी गावी राजधानी वसवली. नावच खडकी, पाण्याची आशा किती धरावी, ते त्यातच आले! पण हा हबशी वजीर जमीन वाचणारा माणूस. उत्तरेकडे, हर्सूलच्या बाजूला, जमिनीत मुरलेले पाणी त्याने भुयारी नहरीत गोळा केले आणि ना मोट, ना बैल, नुसता उतार साधून ते वस्तीत आणले. पुढे तशाच आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एकीच्या पाण्यावर खामेकाठची पाणचक्की फिरू लागली आणि दर्ग्यात उतरणाऱ्यांचे पीठ दळू लागली. हौदात कोसळणारी ती पाण्याची चादर पाहताना, हे यंत्र की शिल्प, असा प्रश्न मला लहानपणी पडे. अजून पडतो.

मग नळ आले. नळ फिरवला की पाणी. ते कुठून येते, याची चौकशी कोण करतो? ते येते पैठणच्या नाथसागरातून, पन्नासएक किलोमीटर चढ चढून. त्यासाठी शहराने कित्येक वर्षे आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे. आणि गंमत अशी, की आमची खामही शहरातली सारी घाण पोटात घेऊन त्याच नाथसागराला मिळते. हे मला फार उशिरा समजले. पुलावरून मी टाकलेली पिशवी कुठे गेली असेल, याचा हिशेब त्या रात्री मी अंथरुणात पडून करीत होतो.

2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी खाम स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. पात्रातला कचरा निघाला, काठाला दगड बसले, इकडच्या मातीतली झाडे लागली. लोखंडी पुलापाशी माणसे चक्क फिरायला येऊ लागली. नदी निर्मळ झाली, असे मी म्हणणार नाही. सांडपाण्याचे दुखणे जुने आहे. पण नाकाला रुमाल न लावता तिच्याकडे पाहता येऊ लागले, हेही थोडे नव्हे.

‘सुशोभीकरण’ या शब्दाची मला धास्ती आहे. भिंतीवर मोर रंगवायचा आणि नाल्याकडे पाठ फिरवायची! अजिंठ्याच्या चित्रकारांनी असे केले नाही. वाघोरेच्या वळणावर ते राहिले. लेण्यांतून पायऱ्या थेट पात्रात उतरत. त्यांच्या छतांवरची कमळे, हंस, हत्ती पाहिले, की वाटते, या माणसांनी कुंचला हाती घेण्याआधी पुष्कळ वेळ नुसते पाहिले असले पाहिजे.

गेल्या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी नात रंगपेटी घेऊन माझ्याबरोबर काठावर आली. तिला खंड्या काढायचा होता. पुस्तकातला पाहून काढ, मी म्हणालो. तिने ऐकले नाही. आम्ही तासभर बसलो. शेवटी पलीकडच्या फांदीवर एक निळा ठिपका आला, पाण्यात बुडाला आणि उडून गेला.

“आबा, त्याला मासा मिळाला का हो?”

मला दिसले नव्हते. तिने कागदावर खंड्या काढला, चोच रिकामी ठेवली, आणि उद्या पुन्हा येऊन बघायचे ठरवले.