शीव आणि शिवण

आम्हा सीमाभागातल्या मुलांच्या सुट्ट्यांचाही एक सीमाप्रश्न असतो. महाराष्ट्रात शाळेची लांब सुट्टी दिवाळीला, कर्नाटकात ती दसऱ्याला. त्यामुळे कोल्हापूरकडची आमची मामेभावंडे फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत घरी लोळत असत, आणि आम्ही नंदगडची मुले भाऊबीज आटोपली की दप्तर घेऊन शाळेत हजर! थंडीतली खरी निवांत सुट्टी आमच्या वाट्याला यायची ती नाताळची. गावात ख्रिस्ती वस्ती जुनी. तोवर भाताची सुगी उरकलेली असे, मळण्या झालेल्या असत, आणि पावसाळाभर ओल धरून बसलेले अंगण सारवून कोरडे ठणठणीत झालेले असे. या अंगणात आमची आई वाकळ घालायला बसे.

वाकळ म्हणजे गोधडी, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावे लागेल. आपल्याकडच्या वाचकाला नाही. आमच्या गल्लीत कानडी बोलणाऱ्या घरात तिलाच कौदी म्हणत. शब्द दोन, पण वस्तू एकच, आणि ती करण्याची वेळही एकच. म्हणून डिसेंबरात आमच्या गल्लीत एका अंगणात वाकळ आणि पलीकडच्या अंगणात कौदी पसरलेली दिसे, आणि सुई मात्र एकाच डबीतली दोन्ही घरांत फिरत असे.

काम दिसायला सोपे. नऊवारी लुगडे जुने होऊन मऊ पडले की त्याचे दोन भाग करून एक खाली अंथरायचा आणि एक वर ठेवायचा. मधल्या थरात वडिलांची विरलेली धोतरे, आमचे फाटके सदरे, बहिणीचे परकर, जे हाती येईल ते. चार कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, पितळी तांब्या असे काहीतरी वजन ठेवायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेने धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकोनातल्या चौकोनात फिरत मध्यावर यायचे. मधे फुगवटा राहिला तर धुताना आतल्या चिंध्यांचा गोळा होतो. म्हणून डाव्या हाताने कापड सतत सारखे करीत राहावे लागे. आईचा डावा हात उजव्यापेक्षा जास्त दुखायचा, याचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले.

आमचे काम एकच. "डोळे चांगले हाईत न्हवं तुझे? दोरा ओवून दे बघू," असे आज्जी म्हणे, आणि सुईचे नेढे शोधताना दोऱ्याचे टोक ओठात ओले करण्यात आमची सुट्टी जाई. शेवटचा कोपरा शिवून बंद करण्याआधी आई त्यात चतकोर भाकरीचा तुकडा घाली. का, म्हणून विचारले तर म्हणे, "पांघरूण उपाशी ठेवू नये रे."

त्या आठ दिवसांत साऱ्या गावाचेच हात चालू असत. आमचा दिवाळीचा आकाशकंदील बांबूच्या कामट्यांचा, घरीच केलेला. कागद फाटला तरी सांगाडा शाबूत असे. तो आम्ही शेजारच्या ख्रिस्ती मित्राला देत असू. तो त्याच्या कामट्या सोडून पुन्हा बांधी, गव्हाच्या खळीने नवा पतंगी कागद चिकटवी, आणि आमचा कंदील त्यांच्या दारात नाताळची चांदणी होऊन लागे. त्याची बहीण क्रोशाच्या सुईने पांढऱ्या दोऱ्याची जाळी विणी. समोरच्या कानडी घरातल्या अक्का धारवाडकडच्या. त्या इरकली लुगड्याच्या पदरावर कशिदा काढीत. या कशिद्याचे, म्हणजे कसुतीचे, टाके मुख्यतः चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली मेथीच. कापडावर आधी रेघ ओढायची नाही, ताणाबाण्याचे धागे नजरेने मोजायचे आणि टाका घालायचा. मागल्या बाजूला गाठ दिसता कामा नये. गोपूर, रथ, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन हे सारे अशा मोजणीतून उमटते. अक्का शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण पदरावरचा हत्ती एका धाग्यानेही चुकत नसे.

हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे मी इतिहासाचा शिक्षक आहे, आणि या गोष्टी इतिहासात येतात हे मला फार उशिरा सुचले.

आमच्या नंदगडचा इतिहास लिहायचा तर काय लिहितात? कित्तूरचा संग्राम १८२४ सालचा. त्यानंतर राणी चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडात फाशी दिली. त्याच्या समाधीवर वाढलेला वड आजही उभा आहे. गोव्याशी चालणाऱ्या व्यापाराची ही एके काळची भरभराटीची पेठ. १८८८ च्या सुमारास मुरगावच्या बंदरापर्यंत रेल्वे झाली, ती लोंढ्यावरून, आणि बैलगाड्यांच्या पेठेचे दिवस फिरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाने अहवाल दिला. त्यात जी २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले होते, त्यांत निपाणी आणि खानापूर यांच्याबरोबर नंदगडचेही नाव होते. अहवाल अमलात आला नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले.

हा इतिहास खराच आहे, आणि मी तो तीस वर्षे शिकवीत आलो आहे. आमच्या पिढीने त्यासाठी मोर्चेही पाहिले आहेत आणि लाठ्याही. पण फळ्यावर या सनावळ्या लिहिताना मागल्या बाकावरची मुलगी कधी विचारते, "सर, यात बायका चन्नम्माराणी एकट्याच काय?" तेव्हा खडू थांबतो. बायका होत्या. रायण्णाच्या वडावर अपत्यासाठी नवस करून लाकडी पाळणे बांधले जातात. त्या पाळण्यांत पुढे जी दुपटी पडली असतील ती कुणीतरी शिवलीच असतील. पण दुपट्यांचे दफ्तर कुठल्या सरकारने ठेवले आहे?

हाताच्या कामाला इतिहासात मोठी जागा मिळाल्याचा एक प्रसंग मात्र आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे, आणि तोही ऐन थंडीतला. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे. या अधिवेशनाने सभासदत्वाची नवी अट मान्य केली: दरमहा दोन हजार वार सूत. म्हणजे देशाच्या सर्वांत मोठ्या राजकीय संस्थेचा सभासद व्हायचे तर पैसे नव्हे, हाताचे काम द्यायचे. कल्पना केवढी मोठी! पण त्याच ठरावात एक पळवाटही होती. आजारपण असेल किंवा कातण्याची इच्छाच नसेल, तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालणार होते. वर्षही पुरे झाले नाही तोच सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ही अट सैल झाली आणि सुताऐवजी चार आण्यांचा पर्याय आला.

शाळेतल्या हस्तोद्योगाचे पुढे नेमके हेच झाले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातकामातून शिक्षण हा विचार मांडला गेला आणि शाळांतून टकळ्या फिरू लागल्या. पुढे तिचे नाव कार्यानुभव झाले, मग समाजोपयोगी उत्पादक कार्य झाले. नावे लांब होत गेली आणि तास आखूड. नाताळच्या सुट्टीत एक वस्तू करून आणा, असे आम्ही मास्तर सांगायचो. मुले बाजारातून प्लॅस्टिकच्या मण्यांचे पोपट आणि थर्मोकोलचे ताजमहाल विकत आणायची. दुसऱ्याने कातलेले सूतच ते! आम्हीही मुकाट्याने गुण द्यायचो.

त्यातलीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९९६-९७ चे साल असेल. नोकरीत मी नवा होतो. इतिहासाबरोबर कार्यानुभवाचे तास माझ्या गळ्यात पडले होते. हल्याळच्या बाजूच्या जंगलपट्टीतल्या एका वाडीवरून सिद्दी समाजाची एक मुलगी शाळेत येई. सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले. पोर्तुगीजांच्या काळात यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले, आणि तिथून निसटलेल्यांनी आपल्या घाटाच्या रानात वस्त्या केल्या. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. बोलण्यात कोकणी, मराठी, कानडी यांची सरमिसळ. सुट्टी संपल्यावर त्या मुलीने जुन्या कापडांची एक लहान गोधडी टेबलावर ठेवली. रंग भडक, तुकडे वेडेवाकडे. मी म्हटले, "अगं, काहीतरी नवीन करून आणायचं होतं. हे जुनंच आहे."

ती खाली मान घालून म्हणाली, "सर, ह्यात नवं कापड घालायचं नसतंच."

मी दहापैकी चार गुण दिले. थर्मोकोलच्या ताजमहालाला आठ.

पुष्कळ वर्षांनी कळले की सिद्दी बायकांच्या या गोधडीला, कवंदीला, जगात नाव आहे. २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात तिचे प्रदर्शन भरले. हेन्री ड्र्युअल नावाच्या अमेरिकन कला-अभ्यासकाने या बायकांमध्ये राहून त्यावर लिहिले. कवंदी शिवणारी बाई कडेपासून आरंभ करते आणि फिरत फिरत मध्याकडे येते, अगदी माझ्या आईसारखी. ख्रिस्ती घरातल्या कवंदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंदीत चंद्रकोर. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. त्या मुलीच्या गोधडीला चार फुले होती, हे मला आठवते. ती कशासाठी, हे मी विचारले नव्हते. सिद्दींना उत्तर कन्नड जिल्ह्यात अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना तो मिळायला २०२० साल उजाडले. कागदोपत्री ओळख मिळायला त्यांना इतका काळ लागला, पण त्यांची ओळख त्या चार फुलांत आधीपासूनच होती. मला वाचता आली नाही, एवढेच.

शिवणकाम म्हणजे बायकांचा वेळ घालवण्याचा उद्योग, असे आपण सहज म्हणतो. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले, तिथे शिवण हे विधवांना आणि गरजू स्त्रियांना पायावर उभे करण्याचे साधन होते. आपल्या भागात तर कापड वाया घालवण्याची ऐपतच नव्हती. वाकळ ही हौस नव्हती, हिशेब होता. विरलेल्या लुगड्यांतून थंडीतली एक ऊब कमवायची आणि बाजाराला एक पैसाही द्यायचा नाही.

आई गेल्यानंतर तिची शेवटची वाकळ मी उन्हात घातली. एका कडेचे टाके उसवले होते. आत पाहिले तर वडिलांचे धोतर, शहापूरच्या मागावरचे एक लुगडे, माझ्या शाळेच्या गणवेशाची खाकी, समोरच्या अक्कांनी दिलेल्या इरकलीचा काठ, आणि पांढऱ्या क्रोशाच्या जाळीचा हातभर तुकडा. तो कुठल्या घरचा, हे सांगायला नको. बाहेरून पाहणाऱ्याला एक मराठी बाईची वाकळ दिसली असती. आत सारी गल्ली होती. मी एम. ए. ला कित्तूरच्या प्रकरणावरचे इंग्रजी पत्रव्यवहार वाचले होते, आणि आमच्या गावाचे अस्सल कागद मी चाळीस वर्षे पांघरून झोपत होतो.

मराठीत शीव म्हणजे गावाची हद्द आणि शिवण म्हणजे दोन कापडांचा सांधा. भाषेचे शिक्षक सांगतील की दोन्ही शब्दांची कुळे वेगळी. एक सीमेवरून आला, दुसरा शिवणे या क्रियेवरून. मान्य. पण आपण शिवेवरची माणसे आयुष्यभर शिवेचीच चर्चा करीत आलो. ती करायलाच हवी, कारण मराठी शाळेचा पट दरवर्षी खाली येताना मी हजेरीत पाहतो आहे, आणि त्याचे दुःख मला कुणापेक्षा कमी नाही. पण आपल्या मराठीच्या हक्काचा पुरावा गोळा करताना आपल्या आयाबहिणींनी घातलेले टाके उसवून टाकायची गरज नाही. आमची आई अक्कांशी मोडकेतोडके कानडी बोलायची, अक्का आईशी त्याहून मोडके मराठी. यात आईचे मराठी कमी झालेले मला कधी दिसले नाही.

गेल्या दोन वर्षांपासून नाताळच्या सुट्टीत मी मुलांना वस्तू करून आणायला सांगत नाही. घरातली सर्वांत जुनी वाकळ किंवा कौदी काढा, आज्जीजवळ बसा आणि कुठला तुकडा कुणाचा ते वहीत लिहून आणा, एवढेच सांगतो. भाषा कुठलीही चालेल. पहिल्याच वर्षी एका मुलाच्या वहीत सत्तावीस तुकड्यांची यादी आली. त्यात गोव्याला कामाला गेलेल्या काकाचा सदरा होता आणि जन्मल्यावर बाराव्या दिवशी गेलेल्या आत्याचे झबले होते. त्या झबल्याबद्दल त्याच्या घरात तोवर कुणी अवाक्षर काढले नव्हते. शेवटी त्याने लिहिले होते, "आज्जी रडली. पण नंतर तिनेच मला टाका घालायला शिकवला."

त्याला मी दहापैकी दहा गुण दिले. त्यांतले सहा दुसऱ्या कुणाचे तरी देणे होते. ती मुलगी आता कुठे असते, मला ठाऊक नाही. तिच्या हाती हा अंक पडला, तर तिच्या मास्तरांनी गुण दुरुस्त केले आहेत, एवढे तिला कळावे.