पेढीची पाने

गेल्या पावसाळ्यात माझ्या परिचयाचे एक गृहस्थ, जे कोकणातून आमसुले, कुळथाचे पीठ, आंबापोळी असे जिन्नस आणून एका लहानशा गाळ्यात पुष्कळ वर्षे सचोटीने विकत आले आहेत, आपल्या नियोजित संकेतस्थळाचा आराखडा घेऊन माझ्याकडे आले. आराखड्यात अठरा पाने होती. समुद्राची चित्रे होती, ध्येये आणि उद्दिष्टे होती. परंतु आंबापोळीचा भाव काय, ती नागपुरास किती दिवसांत पोचेल, वाटेत तिला बुरशी धरली तर नुकसान कोणाचे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचा निकाल त्यात लागलेला नव्हता. ह्यांतली अवश्य पाने कोणती, असे त्यांनी विचारले, तेव्हा मला जुन्या मराठी सूचीपत्रांची आठवण झाली. कारण हाच प्रश्न आपल्याकडील व्यापाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा सोडवलेला आहे, आणि माझ्या मते फार चांगला सोडवलेला आहे.

त्यापूर्वी तो उद्भवण्याचे कारणच नव्हते. पेशवाईतील पुण्यात ज्याचे दुकान बुधवारात किंवा रविवारात असे, त्याचा परिचय पेठच करून देई. नवी पेठ वसवताना शेटे-महाजन नेमले जात, बाहेरून येऊन राहणाऱ्या व्यापाऱ्यास काही मुदतीपुरती करांची सूट देणारा कौल मिळे, आणि वजनेमापे व बाजाराचा निरख ह्यांवर कोतवालाच्या कचेरीची नजर असे. गिऱ्हाईक दाणा दाताखाली धरून पाही, तुपाचा वास घेई, घासाघीस करी, आणि मनास आले नाही तर शेजारच्या दुकानाची पायरी चढे. दुकानदाराने स्वतःविषयी जे सांगावयाचे ते पेठ, सरकार आणि खुद्द माल ही तिघे मिळून सांगत होती. त्यासाठी त्याला कागद काळा करावा लागत नव्हता.

हा समक्षपणा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडला. 1853 साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, 1854 साली टपालाचा दर अंतर कितीही असले तरी एकच झाला व अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले, 1863 साली रूळ बोरघाट चढले. ह्या गोष्टी शाळेतल्या मुलासही ठाऊक असतात. पण लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने मला सर्वांत मोठी वाटते ती 1877 साली टपालखात्याने सुरू केलेली व्ही. पी.ची पद्धती, जिची आठवण इतिहासकार सहसा काढीत नाहीत. पुडके घेऊन टपालवाला दाराशी येई, किंमत वसूल करून मगच ते हवाली करी, आणि ती रक्कम सरकारी इमानावर विकणाऱ्याकडे पोचती होई. 1880 साली मनिऑर्डरीचे कामही टपालाने हाती घेतले, आणि ज्याला मुंबईबाहेर आडत नव्हती, हुंडी पटवणारा सावकार नव्हता, अशा सामान्य पेढीवाल्यालाही वऱ्हाडातले गिऱ्हाईक आटोक्यात आले. मात्र ते गिऱ्हाईक दाणा चावून पाहू शकत नव्हते. जे पूर्वी पेठ बोलत होती ते आता पेढीला स्वतः बोलावे लागणार होते, आणि ह्या गरजेतून ग्रंथविक्रेते, औषधी कारखानदार, घड्याळवाले ह्यांची सूचीपत्रे जन्मास आली.

असे एखादे सूचीपत्र, पाने पिवळी पडलेली असली तरी, आजही उघडून पाहण्याजोगे असते. आरंभी पेढीचे नाव, स्थापनेचे साल, मालकाचे नाव आणि प्रदर्शनात पदक मिळालेले असल्यास त्याची छाप; त्यामागून विज्ञप्ती, जीत मालक आपण कोण व हा धंदा का करतो हे नम्रपणे निवेदन करी. मग माल, अनुक्रमांकाने. प्रत्येक जिनसेपुढे वजन आणि भाव, कारण अमरावतीच्या मनुष्याशी घासाघीस पत्राने करता येत नसे आणि म्हणून भाव छापून बांधून घ्यावाच लागे. परंतु माझे मन रमते ते शेवटच्या पानावरील नियमांत. टपालखर्च निराळा पडेल, मोठ्या मागणीबरोबर काही रक्कम आगाऊ पाठवावी, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा व जवळचे आगगाडीचे स्टेशन स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहावे, व्ही. पी. परत केल्यास खर्च मागवणाऱ्याच्या माथी बसेल. ह्या रुक्ष वाक्यांपैकी बहुतेकांच्या मागे कोणाचे तरी हरवलेले पार्सल किंवा बुडालेला पैसा उभा असावा, आणि म्हणून त्या पानावर व्यापाऱ्याचा खरा स्वभाव इतर कोणत्याही पानापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

शंकेला उत्तर देण्याची कला ह्याच काळात वाढली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची धास्ती होती, आणि पहिले नांगर खपण्यास त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. तेथे भाव व पत्ता छापून भागण्यासारखे नव्हते, मनातील भय ओळखून त्याच्याशी बोलणे भाग होते. किर्लोस्करवाडी 1910 साली वसली, आणि 1920 साली तेथून जी 'किर्लोस्कर खबर' निघाली ती आरंभी कारखान्याचीच खबर देणारी होती. तिचे पुढे महाराष्ट्राच्या वाचकांचे मासिक झाले, हा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता पुन्हा संकेतस्थळाकडे वळू. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी घडवलेले जगातील पहिले संकेतस्थळ 1991 सालच्या ऑगस्टात सर्वांस खुले झाले. त्यावर विकावयाचे काही नव्हते. तरीही प्रकल्पाचा सारांश, काम करणाऱ्या माणसांची नावे, इतिहास, मदत आणि ही प्रणाली कशी मिळवावी, अशी जी प्रकरणे त्यात होती ती वाचताना मला आपल्या सूचीपत्राचीच मांडणी दिसली. दूरस्थ, अपरिचित वाचकापुढे उभे राहणाऱ्याला दुसरे काय सांगावे लागणार! भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 पासून. आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस मराठी पान उघडण्यापूर्वी त्या त्या स्थळाचा निराळा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर समोर निरर्थक चिन्हांची गिचमिड येई.

हे सर्व मी त्या गृहस्थांना सांगितले, आणि आम्ही दोघांनी मिळून अठरांची पाच पाने केली: मुखपृष्ठ, परिचय, भावांसह माल, नियम आणि पत्ता. चार पाने एका बैठकीत झाली. नियमांच्या पानाला तीन आठवडे लागले, कारण बुरशीच्या प्रश्नावर ते पुनःपुन्हा अडत. शेवटी एके दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून आणलेला नियम माझ्यापुढे ठेवला: ज्येष्ठापासून भाद्रपद संपेपर्यंत आमच्याकडून आंबापोळी पाठवली जात नाही.