ओळीगणिक विसावा: इंग्रजी उपासनागीताची कुळकथा

सतराव्या शतकातल्या इंग्लंडात चर्चमध्ये गायचं, तर बायबलमधली स्तोत्रंच गायची, असा दंडक होता. माणसाने रचलेलं गीत उपासनेत चालत नसे. स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांनी पद्यात बसवलेली १५६२ ची स्तोत्रं पिढ्यान्‌पिढ्या गायली जात होती. अनेकांना वाचता येत नसे, म्हणून एक जण ओळ वाचून दाखवी, सगळे ती गात, मग पुढची ओळ. गाणं तुटक होई, अर्ध्यावर थांबलेल्या वाक्याचा भलताच अर्थ निघे.

साउदॅम्प्टनला १६७४ साली जन्मलेले आयझॅक वॉट्स यांना हे गाणं सोसवेना. घराणं राजमान्य चर्चच्या बाहेरचं, वडिलांनी त्यापायी तुरुंगवासही भोगलेला. मुलाची तक्रार ऐकून वडील म्हणाले, ‘मग तूच चांगलं लिहून दाखव,’ असं सांगतात. बाप्टिस्ट पाळक बेंजामिन कीच यांनी आपल्या मंडळीत नवी गीतं आधीच सुरू केली होती, पण त्यांना घरचाच विरोध झाला. नव्या गीतांना घरोघर नेलं ते वॉट्स यांच्या १७०७ च्या संग्रहाने.

त्यातली कारागिरी पाहण्याजोगी आहे. वृत्तं त्यांनी जुनीच ठेवली. त्यातलं एक आठ-सहा, आठ-सहा अक्षरांचं; मंडळीच्या ओठांवरची चाल त्यावर सहज बसे. शिवाय ओळीच्या मध्ये विराम शक्यतो येऊ द्यायचा नाही आणि ओळ संपताना तो चुकवायचा नाही, हा नियम त्यांनी पाळला. वाचून-गाण्याची रीत लगेच सुटणार नाही, म्हणून हे केलं, असं प्रस्तावनेत त्यांनीच सांगितलं आहे. नावडत्या रीतीतही गाणाऱ्याला प्रत्येक ओळ अर्थासकट मिळाली.

१७१२ मध्ये प्रकृती ढासळली. सर टॉमस ॲबनी यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलेले वॉट्स १७४८ मध्ये मरेपर्यंत त्याच कुटुंबात राहिले. तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाने गीतं रचताना मात्र निरक्षराची सोय आधी पाहिली. त्यांचं खरं मोठेपण मला त्यातच दिसतं.

पुढे व्हर्जिनियातल्या गुलामांपर्यंत ही गीतं पोहोचली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाप्टिस्ट मंडळ्यांत ओळ सांगून गाण्याची रीत अजून जिवंत आहे. त्या गायनाला तिथे ‘डॉक्टर वॉट्स’ म्हणतात, मग गीत कुणाचंही असो.