वंशावळ आणि हक्क

आपले कूळ मूळचे कोठले, ही जिज्ञासा माणसास बहुधा उतारवयात होते. आजोबांचे नाव ठाऊक असते, पणजोबांचे कसेबसे आठवते, आणि त्यापलीकडे एकदम कोणी पराक्रमी मूळपुरुष उभा असतो. मधल्या पिढ्या कोठे गेल्या, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या हरवलेल्या पिढ्यांचा शोध कसा घ्यावा व तो घेताना कशापासून सावध राहावे, एवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या नगरच्या इतिहासातच या विषयाचे दोन उत्तम धडे आहेत.

पहिला धडा नगर वसविणाऱ्या घराण्याचाच. मलिक अहमद याने १४९० साली आपले स्वतंत्र राज्य मांडले. त्याचा बाप मलिक हसन हा बहामनी दरबारातील बडा मुत्सद्दी. फेरिस्ता हा इतिहासकार स्वतः निजामशाहीच्या चाकरीत राहिलेला होता. तो लिहितो की, हा हसन जन्माने ब्राह्मण. मूळ नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरव. घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे; काही कारणाने ते विजयनगरच्या मुलखात गेले आणि तेथे हा मुलगा बहामनी फौजेच्या हाती सापडला. पुढे निजामशाहीचा उत्कर्ष झाला, तेव्हा पाथरीचे भाऊबंद नगरास आले आणि आपले पिढीजात ठिकाण सोडवावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाच्या मागे लागले. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. बुऱ्हाणशहाने तिच्या बदली दुसरा परगणा देऊ केला. इमादशहाने तो नाकारला. तेव्हा १५१८ साली नगरची फौज पाथरीवर चालून गेली व तिने ते ठाणे घेतले. पुढे तो परगणा या ब्राह्मण नातलगांस दिल्याचेही फेरिस्ता नोंदवितो.

एका मुसलमान सुलतानाने आपले ब्राह्मण भाऊबंद नाकारले नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहेच. परंतु दुसरीही एक गोष्ट विसरू नये. या नात्याची आठवण वर आली ती पाथरीवरच्या हक्काचा प्रश्न निघाला तेव्हा. नाते होते म्हणून पाथरी हवीशी झाली, की पाथरी हवी होती म्हणून नाते आठवले, हा प्रश्न श्रोत्यांनी मनाशी ठेवावा.

दुसरा धडा भोसले घराण्याचा. मालोजीराजे भोसले हे निजामशाहीतील सरदार. त्यांनी नगरच्या शहाशरीफ या अवलियास नवस केला आणि पुत्र झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेविली, ही कथा प्रसिद्ध आहे. ती शिवछत्रपतींच्या पदरच्या कवींद्र परमानंदाने शिवभारतात सांगितली आहे, आणि हा परमानंद मूळचा आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाचा. पुढे १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी याच कुळाचा संबंध उदेपूरच्या सिसोदिया घराण्याशी जोडून दाखविण्यात आला. त्या मांडणीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. त्यांचा निकाल करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र एवढे दिसते की, एका कथेमागे नवसाचे ऋण आहे, तर दुसरीमागे राज्याभिषेकाची गरज आहे. कूळ एकच, परंतु प्रसंगाप्रमाणे त्याचे वेगवेगळे अंग पुढे येते.

राजघराण्यांचे जे, तेच पाटील-कुलकर्ण्यांचे. आपल्याकडील पुष्कळशा जुन्या वंशावळी हौसेने लिहिलेल्या नाहीत. त्या भांडणात लिहिलेल्या आहेत. वतनाचा तंटा लागला की गोतसभा बसे. वादी-प्रतिवादी आपापली करिना सांगत, म्हणजे घराण्याची हकीकत पहिल्यापासून मांडीत. पाटलापासून महारापर्यंत सारे गाव साक्षीस येई. शेवटी महजर होई व त्यावर ज्याची त्याची निशाणी पडे: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. वडील शाखा आपली हे ठरविण्यासाठी दोन भाऊबंद दोन निरनिराळ्या वंशावळी घेऊन उभे राहत. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांनी पुन्हा कैफियती लिहून दिल्या. आणि ही गोष्ट केवळ जुन्या काळची नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि धूळ खात पडलेल्या मोडी कागदांस व मोडी वाचणारांस एकाएकी मागणी आली. हक्क निघाला की पूर्वज आठवतात, हा नियम अजून मोडलेला नाही.

यात आपणच काही वेगळे आहोत असे नव्हे. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील 'क्लॅन' पाहा. या शब्दाचा मूळ अर्थ मुलेबाळे. म्हणजे सारे एका पुरुषाची लेकरे. वस्तुतः नायकाच्या जमिनीवर राहणारी किती तरी कुळे त्याचेच आडनाव लावीत. रक्ताचा संबंध असेच असे नाही. १७४६ साली कलोडनच्या लढाईत या लोकांचा मोड झाला आणि त्यांच्या डोंगरी पोशाखावर बंदी आली. ती १७८२ साली उठली. ज्या चौकड्यांच्या कापडावरून आज क्लॅन ओळखतात, त्याचे कुळवार नमुने बहुतांशी त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात ठरले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा स्कॉटलंडचाच. त्याचे मूळ आडनाव ग्रँट. आईच्या घराण्याची इस्टेट वारशाने आली तेव्हा त्यास डफ हे नाव जोडले गेले. जमिनीमागून आडनाव चालते, हे आपल्या वतनदारांस नवे वाटणार नाही.

मग वंशावळी खोट्या म्हणून टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. ती कोणी, केव्हा व कशासाठी लिहिली हे आधी पाहावे, म्हणजे तिच्यातले खरे आपोआप वेगळे पडते. प्रथम पिढ्या मोजाव्यात. शिवकाळापासून आजवर साडेतीनशे वर्षे झाली. पिढीस पंचवीस-तीस वर्षे धरली तर बारा ते चौदा पिढ्या हव्यात. सातच असतील तर मधली नावे गळाली आहेत. आडनाव एक म्हणून कूळ एक, असे समजू नये. मिरीवरून मिरीकर आणि जामगाववरून जामगावकर होतात. एका गावची अनेक घराणी परगावी तेच नाव लावतात. कुलदैवत कोणते, देवक कोणते, आणि मुख्य म्हणजे सुतक कोणाचे धरतात व सोयरीक कोणाशी होत नाही, हे घरातील वृद्ध स्त्रियांस विचारावे. कागद विसरतो ते सुतक विसरत नाही. मग त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. तेथे यात्रेस गेलेला पूर्वज आपल्या गावासह भेटतो. पुण्याचे पेशवे दप्तर आणि १९६० साली स्थापन झालेले आपले जिल्हा ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय ही पुढची ठिकाणे.

परंतु जो वर्ग वतनाच्या तंट्यात आला नाही, त्याचा शोध कठीण. बलुतेदार साक्षीस आले म्हणून निशाणीपुरते तरी दिसतात. भूमिहीन तेवढेही नाहीत. आणि वंशावळीतून सर्वांत अधिक गळाल्या त्या मुली. चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी १७२५ साली कन्या झाली. वंशावळीच्या रीतीने तिचे नाव माहेरी धरावयाचे नाही. सासरी तिचा एकुलता एक पुत्र मालेराव १७६७ साली वारला. वंशवृक्षाच्या हिशेबाने ही फांदी तेथे खुंटली. तरीही २०२४ साली आपल्या शहरास व जिल्ह्यास नाव मिळाले ते त्याच कन्येचे, अहिल्यादेवींचे. ज्या रीतीच्या वंशावळीत त्यांस जागा नाही, ती रीत अपुरी आहे, हे निराळे सांगावयास नको.

राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापावयास घेतली व बावीस खंड बाहेर काढले. त्यांतील पुष्कळ कागद घरोघरच्या दप्तरांतून आले होते. तशी दप्तरे आपल्या जिल्ह्यात अजून असतील. परंतु मोडी वाचणारे थोडे उरले, आणि वाळवी कोणाची वाट पाहत नाही. म्हणून आमचे सांगणे इतकेच आहे. घरातील रुमाल या उन्हाळ्यात सोडावा, कागदांची छायाचित्रे घ्यावीत, वडीलधाऱ्यांस विचारून पिढ्यांची नावे लिहावीत, लेकीसुनांची धरून. कोणतेही वतन मागावयाचे नाही, दाखला काढावयाचा नाही, अशा वेळी लिहिलेली वंशावळ सर्वांत खरी उतरते. पूर्वजांवर काही हक्क न सांगता त्यांची नावे एकदा लिहून ठेवणे, एवढे तरी आपल्या पिढीस सहज करता येईल.